पांढरा उपास

वुर्यानीने सजवलेली नवरी मांडवात आली, की तिची सख्खी आत्यासुद्धा क्षणभर थबकायची. ही कोण बाई? क्लातेनच्या आसपासच्या गावांत नवरी सजवणारीची पारख याच एका गोष्टीवरून व्हायची. नुसतं सुंदर दिसून भागत नव्हतं, ओळखीच्यांनाही ओळख पटू नये इतकं रूप पालटलं पाहिजे. आणि ते रूप काही डबीतल्या रंगाने येत नाही, ते आतून यावं लागतं, असं वुर्यानीचं म्हणणं. त्यासाठी नवरीने लग्नाआधी तीन दिवस पांढरा उपास करायचा. मीठ नाही, मिरची नाही, तेल नाही. नुसता पांढरा भात आणि पाणी. सजवणारीनेही नवरीला हात लावायच्या दिवशी रोजा धरायचा. शहरातल्या पार्लरवाल्या मुलींना हे ठाऊकही नव्हतं. वुर्यानीने मात्र गेली छत्तीस वर्षं एकही नवरी भरल्या पोटी सजवली नव्हती. शिवाय तिचे सोमवार-गुरुवारचे रोजे असायचे ते वेगळेच.

नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. धाकटी बहीण रुमियाती शेजारच्याच घरात राहायची, आणि तिची एकुलती एक मुलगी पालुपी हीच वुर्यानीची माया. पालुपी सव्वीस वर्षांची, सेमारांगला नोकरीला. आईच्या थोरल्या बहिणीला तिकडे बुदे म्हणतात. पालुपी तिला बुदे म्हणायची आणि वडीलधाऱ्यांशी बोलावं तशी अदबीनेच बोलायची. या बाबतीत आजच्या मुलींसारखी नव्हती.

लग्नाला दीड महिना असताना पालुपी घरी आली आणि वुर्यानीच्या ओट्यावर येऊन बसली.

"बुदे, मला पांढरा उपास सांगा ना."

"सांगेन की. आधीचे तीन दिवस..."

"तीन नाही. चाळीस."

वुर्यानी मोगऱ्याच्या कळ्या निवडत होती. तिचा हात थांबला. "चाळीस? अगं, हे माझ्या आजीच्या वेळेला करायच्या बायका. तेसुद्धा एखादीच. तुला झेपेल का?"

"झेपेल."

"ऑफिस सांभाळून?"

"झेपेल, बुदे."

वुर्यानीला भरून आलं. एवढ्या नवऱ्या हाताखालून गेल्या, तीन दिवसांचं नाव काढलं तरी तोंडं वाकडी व्हायची. एक तर म्हणाली होती, भाताबरोबर सोयाबीनचा एक तळलेला टेम्पे चालेल का, पांढराच असतो तो पण. आणि ही आपल्या रक्ताची पोर आपण होऊन चाळीस दिवस मागते आहे! तिने पालुपीला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला, किती घास, कोणत्या वेळी, कोणती दुआ म्हणून, ते सगळं समजावलं.

एक गोष्ट मात्र तिने विचारली नाही. कुठल्याही उपासाआधी माणसाने मनाशी नियत बांधायची असते, हा उपास मी कशासाठी करतो आहे याची. ती बांधल्याशिवाय उपास उपास होत नाही, नुसती उपासमार होते. दर शुक्रवारी बायकांच्या कुराणवाचनाला वुर्यानी हेच सांगायची. तिने पालुपीला विचारलं नाही, कारण उत्तर आपल्याला माहीत आहे असं ती धरून चालली होती. आपल्यासारखं व्हायचंय पोरीला.

त्याच शुक्रवारी वाचन आटोपून चहा फिरला, तेव्हा वुर्यानीने हळूच विषय काढला. तिचा आवाज कधी चढत नसे. त्यामुळे बढाईसुद्धा तिच्या तोंडून बढाई वाटत नसे.

"चाळीस दिवस?" वाचनाला आलेल्या बू (म्हणजे बाई) तुकिनेमने बशी खाली ठेवली. "आमची सून बघा. उपास म्हटलं की हिचं डोकं दुखतं. आणि डोकं दुखलं की चार वेळा खाते."

बायका हसल्या. "रक्तात असावं लागतं," कोणीतरी म्हणालं. वुर्यानीने मान खाली घातली. लोकांना ती नम्रता वाटली. आत तिला गोड गोड वाटत होतं, आणि ते गोड वाटणं तिने आपल्या रोज्यांच्या पुण्यातच धरलं.

रुमियाती मात्र पहिल्या पंधरवड्यातच कुरकुरायला लागली. "म्बाक," ती थोरल्या बहिणीला म्हणाली, "पोर फार उतरलीय गं. काल मी थोडं नारळाचं दूध घालून भाजी केली, म्हटलं एक चमचा..."

"दिक," वुर्यानी धाकटीला म्हणाली, "असं करू नकोस. व्रत मोडायला लावल्याचं पाप आपल्याला लागतं. तिच्या ताटाकडे बघतच जाऊ नकोस तू. आईची नजर फार लागते."

"पण तिचे हात..."

"तेज यायच्या आधी माणूस असाच कोमेजतो. मी छत्तीस वर्षं बघतेय."

थोरल्या बहिणीपुढे रुमियाती नेहमीच गप्प बसायची. त्या दिवसापासून तिने लेकीच्या ताटाकडे बघायचं सोडलं.

वुर्यानी मात्र बघत होती, आणि बघूनही तिला दिसत नव्हतं. दर शनिवारी पालुपी आली की केबायाची, म्हणजे लग्नातल्या लांब पोलक्याची, मापं व्हायची. पोटाला गुंडाळायची विणलेली पट्टी लांबलचक असते. नवरीच्या कमरेभोवती तिचे जितके विळखे बसतात, त्यावरून ती किती उतरली ते सजवणारीला कळतं. दर शनिवारी एक विळखा जास्त बसत होता. "वा!" वुर्यानी टाचणी दातांत धरून म्हणायची, "आणखी थोडी उतरलीस तर पट्टी तुला दोनदा पुरेल." पालुपी हसायची. जेवण झालं की पालुपी न्हाणीघरात जायची, आणि हौदातलं पाणी मगाने ओतल्याचा आवाज कितीतरी वेळ येत राहायचा. वुर्यानी ओट्यावर बसून तो आवाज ऐकायची. नमाजाआधी हातपाय धुवायचे, ते लोक दोन मिनिटांत उरकतात. ही पोर किती नीट, किती सावकाश धुते! तेही तिने बू तुकिनेमला सांगितलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी मंगलस्नान होतं. अंगणात केळीच्या खांबांचा छोटा मांडव, सात विहिरींचं पाणी भरलेला मोठा रांजण, त्यात गुलाब-मोगऱ्याच्या पाकळ्या तरंगत होत्या. आई-बापांसह सात वडीलधारी माणसं नवरीच्या डोक्यावर पाणी ओतणार. मग वुर्यानी तिला आत नेऊन वस्तऱ्याने कपाळावरची, मानेवरची बारीक लव काढणार, म्हणजे दुसऱ्या दिवशी कपाळावर काळी महिरप रेखायला जागा स्वच्छ होते. सकाळचे साडेनऊ वाजले होते. ऊन असं की मांडवाचं कापड तापलं होतं. शेजारणी, चुलत्या, फोटोवाला, सगळे येऊन बसले होते. नवऱ्या मुलाची, सेतोची, आईसुद्धा पुढच्या खुर्चीवर बसून पंख्याने वारा घेत होती.

वुर्यानीने खोलीचं दार लावलं आणि पालुपीला बातिकचं वस्त्र छातीशी गुंडाळण्यासाठी पाठमोरी उभी केली. पोलकं उतरलं. वुर्यानीच्या हातातलं वस्त्र तसंच राहिलं.

दीड महिन्यात ती पोरीला कपड्यांवरूनच मापत आली होती. उघडी पाठ तिने आज पाहिली. एकेक मणका, एकेक फासळी. पण तिची नजर खिळली ती दुसऱ्याच गोष्टीवर. खांद्यांपासून कमरेपर्यंत सगळ्या पाठीवर बारीक, मऊ, फिकी लव उगवली होती. नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या अंगावर असते तशी. लव हा तर वुर्यानीचा धंदा. कोणत्या बाईच्या कपाळावर किती, मानेवर किती, ती बोटाच्या टोकाने सांगायची. धडधाकट मुलीच्या पाठीवर अशी लव येत नाही. अंगात ऊब राहिली नाही म्हणून शरीराने आपलंच पांघरूण विणायला घेतलं होतं. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. बघितल्याबरोबर तिला ते कळलं.

"हे कधीपासून?"

"लवकर गुंडाळा ना, बुदे. थंडी वाजते."

बाहेर लोक घामाने चिंब झाले होते. वुर्यानीने पालुपीचे हात हातात घेतले. बोटं बर्फासारखी, नखं निळसर. उजव्या हाताच्या दोन बोटांच्या सांध्यांवर घट्टे, वारंवार दात लागून पडावेत तसे.

"भात किती खातेस?"

"तुम्ही सांगितलात तेवढा."

"पालुपी, मी रोज्यात आहे. माझ्यासमोर खोटं बोलू नकोस."

पालुपी वळली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला हसू म्हणावं तर म्हणावं.

"तुम्ही रोज्यात असता म्हणूनच तर कोणाला काही दिसलं नाही, बुदे."

वुर्यानी पलंगाच्या कडेवर बसली. पालुपी वस्त्र स्वतःच छातीशी धरून तिच्या शेजारी बसली आणि खालच्या आवाजात, जणू दुसऱ्या कोणाबद्दल सांगावं तशी सांगू लागली. भातही नाही. कित्येक दिवस काहीच नाही. मग एखाद्या वेळी खायला बसलं की हात थांबत नाही. शिळं, गार, जे असेल ते. आणि खाल्लेलं पोटात असलं की वाटतं, आपण सगळ्यांना फसवलंय, आता सगळ्यांना दिसणार. मग ते बाहेर काढल्याशिवाय श्वास घेता येत नाही.

"म्हणजे न्हाणीघरात..."

"पाणी ओतलं की बाहेर ऐकू येत नाही."

वुर्यानीने डोळे मिटले. किती नीट, किती सावकाश धुते पोर.

"किती दिवस चाललंय हे?"

"सात वर्षं. मध्ये दोन वर्षं बरी होते. नोकरी लागली तेव्हा. मग लग्न ठरलं आणि सगळे परत बघायला लागले."

सात वर्षं. तेव्हा पालुपी एकोणीस वर्षांची होती. त्या साली चुलत बहिणीच्या लग्नात, नवरीच्या स्वागताला मुलींची रांग उभी करतात त्या रांगेसाठी, वुर्यानीने तिला कपडे चढवले होते. केबायाची बाही दंडावर चढेना. दहा-बारा बायका बसल्या होत्या. वुर्यानी म्हणाली होती, "या दंडांना बाही नको, उशीचा अभ्रा शिवायला हवा." सगळ्या हसल्या होत्या. पालुपीही हसली होती, सगळ्यांत मोठ्याने. वुर्यानीला ते आठवलं आणि तिचे कान गरम झाले. पालुपीला ते आठवतं का, हे विचारायचं धाडस तिला झालं नाही.

"मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार? तुम्ही म्हणाला असतात, पोरीला संयम आहे." ती थांबली. "चाळीस दिवस मागायला आले ना, तेव्हा मला वाटलं होतं तुम्ही विचाराल. कशाला एवढे, म्हणून. वाटेत बसमध्ये मी उत्तरसुद्धा ठरवलं होतं. तुम्ही विचारलंच नाहीत. आणि दुसऱ्या दिवसापासून कोणीच काही विचारेना. आईसुद्धा. उपास आहे म्हटलं की सगळे आदराने गप्प बसतात."

दारावर थाप पडली. रुमियातीचा आवाज. "म्बाक, झालं का? सासूबाई विचारतायत."

"आलेच," वुर्यानी म्हणाली.

"बुदे, आजचा दिवस जाऊ दे," पालुपीने तिचा हात धरला. "उद्या लग्न होऊ दे. मग मी थांबवेन. शपथ."

ती बोलता बोलता उठली, आणि उठताच तिने भिंतीला हात टेकला. ओठांचा रंग गेला होता. वुर्यानीने तिचं मनगट पकडलं. नाडी एक ठोका देऊन थांबली. थांबलीच. मग घाई केल्यासारखे दोन ठोके.

या अंगावर सात माणसं गार पाणी ओतणार होती.

वुर्यानीने तिला पलंगावर निजवलं, दोन चादरी घातल्या आणि बाहेर आली. दारामागे रुमियाती उभी होती, नव्या केबायात, केसांत फुलं, हातात नारळाच्या करवंटीचा पळा.

स्नान थांबवायलाच हवं होतं. पण कसं, याचा विचार वुर्यानीच्या मनात खोलीपासून दारापर्यंतच्या चार पावलांत झाला होता. ती नवरी सजवणारी होती, उपासतापास करणारी. तिने नुसतं म्हणायचं होतं की मला आज चांगलं चिन्ह दिसलं नाही. जन्मदिवसांचा मेळ पुन्हा मांडायला हवा, आजचं पाणी नको. कोणी एक शब्द विचारला नसता. पोर दवाखान्यात गेली असती, आणि वुर्यानीच्या व्रताला, नावाला, दर शुक्रवारच्या चहाला धक्काही लागला नसता.

"दिक," ती म्हणाली, "आजचं पाणी नको. मला..."

रुमियातीचा चेहरा एका क्षणात पांढरा पडला. "काय दिसलं तुला?" तिने छातीवर हात ठेवला. "माझ्या पोरीच्या नशिबात काय आहे?"

किती पटकन तिने विश्वास ठेवला! वुर्यानीला स्वतःचीच किळस आली. आणखी एक शब्द बोलली असती तर पालुपी जन्मभर अपशकुनी नवरी म्हणून राहिली असती, आणि आपण जन्मभर पुण्यवान. चाळीस दिवस जे केलं तेच पुन्हा करायला निघालो होतो आपण. पोरीच्या अंगावर स्वतःचं व्रत पांघरायला.

"काही दिसलं नाही," वुर्यानी म्हणाली. "नशिबाचं काही नाही. पोर आजारी आहे. खूप आजारी आहे. चाळीस दिवसांचा उपास मी दिला आणि तिने तो केलाच नाही, त्याच्या आडोशाने ती उपाशी मरत होती. तू मला सांगायला आलीस तेव्हा मी तुला गप्प केलं. माझं चुकलं, दिक. गाडी बोलाव."

तिचा आवाज कधी चढत नसे, तो आता चढला होता. मांडवापर्यंत तो ऐकू गेला. सेतोच्या आईचा पंखा थांबला. बू तुकिनेम खुर्चीतून अर्धी उठली होती, तशीच राहिली.

रुमियाती बहिणीकडे वळली. मग ती बोलली ते सगळ्यांनी ऐकलं.

"मी तुला म्हटलं होतं तिचे हात बघ. तू म्हणालीस तेज येतंय." तिने हातातला पळा खाली टाकला. "तुझं नाव व्हावं म्हणून माझ्या पोरीला जाळत होतीस होय गं? माझ्या घरात, माझ्यासमोर? आणि मला म्हणालीस आईची नजर लागते!"

वुर्यानीने मान खाली घातली नाही. घालावीशी वाटली, पण तिला भीती वाटली, लोकांना तीही नम्रता वाटेल.

पालुपीचा बाप दार्सोनो आत गेला आणि लेकीला उचलून बाहेर घेऊन आला. किती सहज उचलली गेली ती! बाप ओट्यावरच थांबला, त्याचे डोळे भरून आले, आणि मग तो जवळजवळ धावतच शेजाऱ्याच्या गाडीकडे गेला.

सोलोच्या रुग्णालयात पालुपीला अतिदक्षता विभागातल्या काचेच्या खोलीत ठेवलं. रक्तातले क्षार इतके उतरले होते की हृदयाचा ताल चुकत होता. अशा अंगावर गार पाणी पडलं असतं तर काय झालं असतं, हे दार्सोनोने विचारलं. डॉक्टर निंग्रुम म्हणाल्या, "तो विचार आता नका करू."

लग्न पुढे ढकललं. सेतो दुसऱ्या दिवशी, लग्नाच्याच दिवशी, साधा शर्ट घालून आला आणि बाकावर बसून राहिला. त्याची आई आली नाही. तिने निरोप पाठवला होता, आम्हाला आधी सांगायला हवं होतं. रुमियातीने तो निरोप वुर्यानीला ऐकवला आणि म्हणाली, "हे पण तुझंच." मग तिने वुर्यानीला सांगितलं, खोलीत येऊ नकोस. पोर नको म्हणते.

वुर्यानी आठ दिवस बाहेरच्या बाकावर बसली. घरी जायची ती नमाजाला आणि झोपायला. नमाजाच्या चटईवर तिला एकच गोष्ट सुचायची. आपल्या उपासाला मगरिबची बांग होती. सूर्य बुडला की खजूर तोंडात टाकायचा, पाणी प्यायचं, अल्लाचे आभार मानायचे. म्हणून तो उपास. त्या पोरीच्या भुकेला मगरिबच नव्हती. आजाऱ्याला रोजा माफ आहे हे वुर्यानी कितीदा सांगत आली होती. ताप, जुलाब, बाळंतपण. भुकेचाच आजार असतो हे तिच्या यादीत नव्हतं.

मधल्या शुक्रवारी तिला कळलं की आणखी दोन लग्नाच्या मुलींनी चाळीस दिवस धरले आहेत. पालुपीची वाखाणणी ऐकून. ती दोन्ही घरी पायी गेली. पहिल्या घरी ऐकून घेतलं. दुसऱ्या घरची आई दारातच उभी राहिली. "तुमच्या भाचीचं बिनसलं म्हणून आता आमच्या पोरीचं तेज बघवत नाही होय?"

"तेज नाही हो ते. मी खोटं सांगितलं होतं."

"छत्तीस वर्षं खोटं सांगत होतात?"

"तीन दिवसांचं खोटं नव्हतं," वुर्यानी म्हणाली, आणि मग तिला तेही नीट ठाऊक नाही असं वाटलं. "तुमच्या मुलीला एकदा विचारा, कशासाठी करतेस. माझ्यासमोर नको. एकटीला विचारा." दार लागलं. आत कोणीतरी विचारताना ऐकू आलं का, हे बघायला ती थांबली नाही. थांबायची लाज वाटली.

डॉक्टर निंग्रुम वयाने पालुपीएवढ्याच दिसायच्या. त्यांनी एकदा वुर्यानीला बाकावरून उठवून आपल्या खोलीत नेलं.

"सगळं माझ्यामुळे झालं," वुर्यानीने बसायच्या आधीच सांगितलं. उशीच्या अभ्र्यापासून सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. "बू, एवढं सगळं एकट्या घेऊ नका. या आजाराला एक कारण नसतं. स्वभाव असतो, घराण्यातलं काही असतं, लोकांचे डोळे असतात, तिची स्वतःची भीती असते. सुंदर दिसण्याची हौस म्हणून कोणी सात वर्षं असं जगत नाही."

वुर्यानीला सुटल्यासारखं वाटलं. डॉक्टरांना ते दिसलं असावं.

"पण जेवढं तुमचं आहे, तेवढं टाकूनही देऊ नका," त्या शांतपणे म्हणाल्या. "तिला लपायला जागा तुम्ही दिली. आणि उघड्यावरही तुम्हीच आणलंत, तोपर्यंत उशीर झाला नव्हता. दोन्ही तुमचं."

"आता ती बरी होईल ना? खायला लागली की..."

"खाणं हे औषधासारखं वेळेवर द्यायचं. मनातली भीती जायला महिने लागतील, कदाचित वर्षं. मध्येच पुन्हा घसरेलही. तेव्हा घरच्यांनी तोंड पाडायचं नाही आणि ओरडायचंही नाही." मग त्या म्हणाल्या, "आईला थकवा आलाय. जेवणाच्या वेळी शेजारी बसायला कोणीतरी लागतं. मी पालुपीला विचारलंय. ती म्हणाली, बुदे बसल्या तर चालेल. पण अट आहे."

"कोणतीही."

"ताटाबद्दल बोलायचं नाही. किती खाल्लं, किती राहिलं, शाबास, आणखी एक घास, काही नाही. तिच्या दिसण्याबद्दल नाही. चेहरा भरला, रंग आला, हेही नाही. दुसरं काहीही बोला."

सोपंच होतं. वुर्यानीने मान हलवली.

दुपारी बाराला परिचारिकेने पेजेचा वाडगा आणि उकडलेलं अंडं आणून ठेवलं. खिडकीपलीकडे नारळाची दोन झाडं होती. पालुपी उशीला टेकून बसली होती. तिने वुर्यानीकडे पाहिलं आणि म्हणाली, "बसा."

रागावली होती तरी अदब सोडली नव्हती. ते वुर्यानीला जास्त लागलं.

वुर्यानी खुर्चीवर बसली. बोलायला तोंड उघडलं. गालांवर जरा... नाही. डोळे आज... नाही. केस... नाही. तिने पुन्हा तोंड उघडलं आणि मिटलं. साठीला आलेल्या तिला पहिल्यांदाच कळलं की मुलीशी बोलायला तिच्याकडे दुसरं काहीच नाही. छत्तीस वर्षं ती मुलींचे दंड, माना, कमरा, कपाळं यांच्याशीच बोलत आली होती. हीच पोर तिच्या ओट्यावर वाढली, हिच्या पायाचं माप तिला पाठ होतं, आणि हिला काय आवडतं, ती कशाला घाबरते, दिवसभर काय करते, यातलं काही म्हणता काही ठाऊक नव्हतं. पेज निवत होती. पालुपीच्या हातात चमचा होता आणि तो तसाच होता.

"पालुपी," वुर्यानी शेवटी म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "तू ऑफिसात नक्की काय करतेस गं?"

पालुपीने वर पाहिलं. "चार वर्षं झाली मला तिथे, बुदे."

"हो."

"तुम्ही सगळ्यांना सांगता, भाची सरकारी नोकरीत आहे."

"सांगते. पुढे कोणी विचारलं की विषय बदलते. मला माहीत नाही ना."

बाहेर कोणाचं तरी चाकांचं स्ट्रेचर खडखडत गेलं.

"जमीन मोजते," पालुपी म्हणाली. "सेमारांगला समुद्राकडची जमीन खचते. दरवर्षी थोडी. आम्ही खुणा ठोकून ठेवल्यात, त्यावरून किती खाली गेली ते बघतो आणि नकाशे करतो."

"मग तिथली माणसं?"

"भर घालतात. घरात माती टाकून जमीन उंच करतात. पण छप्पर तेवढंच राहतं. एका म्हातारीच्या घरात मी जाते ना, तिने चार वेळा भर घातलीय. आता तिच्या दाराची चौकट माझ्या छातीपर्यंत येते. आम्ही दोघी रांगत आत जातो." तिने चमचा पेजेत बुडवला. "ती मला आत नेऊन चहा करते आणि म्हणते, बघ बाई, अजून उभी आहे मी."

"उभी राहते? त्या घरात?"

"नाही हो. बसून म्हणते."

वुर्यानीला हसू आलं. ते तिने दाबलं नाही. पालुपी हसली नाही, पण ती म्हातारीच्या मांजराबद्दल सांगू लागली, मग भरतीच्या पाण्याबद्दल, मग आपल्या वरिष्ठाबद्दल, जो खुणांचे आकडे उलटे वाचतो. वुर्यानी विचारत राहिली. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं, आणि इतकी वर्षं घ्यायचं नव्हतं याची लाज प्रत्येक प्रश्नाबरोबर वाटत होती. तरी ती विचारत राहिली. चमचा वाडग्यात वाजत होता; कधी वर येत होता, कधी नुसताच फिरत होता.

परिचारिका भांडी न्यायला आली. वाडग्यात किती राहिलं ते बघायला वुर्यानीची मान आपोआप वळायला लागली. तिने ती जोर लावून खिडकीकडे वळवली आणि नारळाच्या झावळ्या बघत राहिली, वाडगा दाराबाहेर जाईपर्यंत.

"उद्या येऊ?"

"उद्या आई बसणार आहे," पालुपी म्हणाली. ती थकली होती. तिने डोळे मिटले. "परवा या."